‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ म्हणजे नेमके काय? : गंभीर बुरशीसंसर्ग प्रयोगशाळेत कसा ओळखतात

“डॉक्टरसाहेब, रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे आता काळजी नाही ना?” हा प्रश्न म्हसळ्यातील माझ्या दवाखान्यात दिवसातून एकदा तरी ऐकू येतो. बहुतेक वेळा मी “काळजी नाही” असेच उत्तर देतो आणि ते खरेही असते. जून २०२१ मध्ये मात्र एका कुटुंबाला मी हेच उत्तर दिले आणि ते खरे ठरले नाही. त्या उत्तरामागे माझा हलगर्जीपणा नव्हता, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली. आज मला तसे वाटत नाही. एखादी चाचणी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे मला पुरेसे ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेही, वृद्ध किंवा दीर्घ आजारातून उठलेले माणूस आहे. म्हणून ही गोष्ट आपल्यापुढे ठेवतो.

पासष्टीच्या आसपासचे हे गृहस्थ मधुमेहाचे जुने रुग्ण. कोविड होऊन रुग्णालयात राहिले, तेथे प्राणवायू आणि स्टेरॉइड मिळाले, जीव वाचला. घरी परतले तेव्हा रक्तातील साखर तीनशेच्या वर होती. दोन आठवड्यांनी उजवा गाल बधिर वाटू लागला, डोके एकाच बाजूने ठणकू लागले आणि नाकातून काळपट, रक्ताळलेला स्राव येऊ लागला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत ‘काळ्या बुरशी’वाचून दुसरा विषय नव्हता. केंद्र सरकारने २० मे २०२१ रोजी सर्व राज्यांना पत्र लिहून म्युकरमायकोसिसचा प्रत्येक संशयित आणि निश्चित रुग्ण कळविणे बंधनकारक करण्यास सांगितले होते. त्यामुळे शंका माझ्याही मनात आली. मी नाकातून कापसाच्या काडीने स्राव घेतला, म्हणजे आपण सर्वजण तेव्हा शिकलो तो ‘स्वॅब’, आणि प्रयोगशाळेत पाठविला. सायनसची औषधे सुरू केली. दोन दिवसांनी अहवाल आला : बुरशी आढळली नाही. त्यांच्या सूनबाईंना मी फोनवरून तसे कळविले. घरात सर्वांना हायसे वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची उजवी पापणी उघडेना. तोंड उघडून पाहिले तर टाळूवर नखाएवढा काळा डाग. त्याच दिवशी त्यांना मुंबईला हलविले. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून नाकाच्या आतील मृत मांसाचे तुकडे काढले, आणि संध्याकाळ होण्यापूर्वी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून फोन आला : रुंद, फितीसारखे कवकतंतू दिसत आहेत. तीच बुरशी, तेच नाक, तोच रुग्ण. माझ्या काडीला जी सापडली नाही ती मांसाच्या एका कणात काही तासांत सापडली.

बुरशी पृष्ठभागावर नसते

हे असे का झाले, ते समजून घेऊ. आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने बुरशी हा घरातलाच एक सदस्य असतो. चामड्याच्या चपलेवर, लोणच्याच्या बरणीत, कपाटातील पुस्तकांवर ती येतेच. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी आपल्या किनाऱ्यावरची कौले आणि पत्रे उडविले, तेव्हा कितीतरी घरांच्या भिंती पुढचा सारा पावसाळा ओल्या राहिल्या. म्युकर आणि अस्परजिलस या दोन्ही बुरशींचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बीजासारखे कण, आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीर ते तेथल्या तेथे निकामी करते. त्यामुळे घराच्या भिंतीला ओल आहे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

यातूनच निदानाची पहिली अडचण निर्माण होते. बुरशी सर्वत्र असल्यामुळे नाकातील किंवा थुंकीतील नमुन्यात ती सापडली, तरी तेवढ्यावरून आजार सिद्ध होत नाही. आणि दुसरीकडे, खरा आजार असतो तेव्हा बुरशी पृष्ठभाग सोडून आत शिरलेली असते. म्युकर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, वाहिनी बंद पडते आणि पुढचे मांस रक्ताविना मरून काळे पडते. ‘काळी बुरशी’ हे नाव खरे तर चुकीचेच. काळे असते ते मेलेले मांस. अशा ठिकाणी वरून काडी फिरविणे म्हणजे झाडाचे मूळ शोधण्यासाठी अंगण झाडण्यासारखे आहे. काडीला शेंबूड लागतो, रक्त लागते, कधीमधी चार बीजाणू लागतात. मांसात रुतलेले तंतू लागत नाहीत. म्हणून स्वॅबमध्ये बुरशी न आढळणे याचा अर्थ ‘स्वॅबवर बुरशी नव्हती’ एवढाच घ्यावा. म्युकरची शंका असेल तर मांसाचा तुकडा, म्हणजे बायोप्सी, हाच खरा नमुना. कोविडच्या चाचणीने आपल्या सर्वांच्या मनावर स्वॅबची प्रतिष्ठा इतकी बिंबविली होती, की माझ्यासारख्या डॉक्टरलाही क्षणभर याचा विसर पडला.

कोळंबीचे साल आणि एक थेंब द्रावण

मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत जे केले गेले, ती चाचणी अगदी साधी आणि स्वस्त आहे. तिला अहवालावर ‘केओएच माउंट’ म्हणतात. तुकड्याचा कण काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या तीव्र क्षाराच्या द्रावणाचा थेंब टाकतात. या क्षाराने माणसाच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. बुरशीच्या पेशीची भिंत मात्र टिकून राहते, कारण तिच्यात कायटिन नावाचे चिवट द्रव्य असते. कोळंबीचे साल आणि खेकड्याचे कवच ज्याने कडक होते तेच हे कायटिन. थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की धुके विरून झाडांच्या फांद्या दिसाव्यात तसे कवकतंतू दिसू लागतात. काही ठिकाणी यात कॅल्कोफ्लोअर व्हाइट नावाचा रंग मिसळतात. कापड आणि कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून वापरात आलेला हा चमकदार पदार्थ कायटिनला चिकटतो आणि विशिष्ट प्रकाशात बुरशी निळसर पांढऱ्या तेजाने उजळते. मग विरळ तंतूही नजरेतून सुटत नाहीत.

तंतू दिसले एवढ्यावर काम संपत नाही. ते कसे दिसतात यावर औषध ठरते. म्युकरच्या जातीचे तंतू रुंद असतात, साधारण ६ ते २५ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वेडेवाकडे, आत पडदे जवळपास नसलेले, आणि त्यांना फांद्या बहुधा काटकोनात फुटतात. अस्परजिलसचे तंतू सडपातळ, २ ते ५ मायक्रोमीटरचे, आत नियमित पडदे असलेले, आणि त्यांच्या फांद्या बेचकीसारख्या लहान कोनात फुटतात. हा फरक केवळ पुस्तकी नाही. अस्परजिलसवर उत्तम चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर काहीच काम करत नाही. म्युकरसाठी अँफोटेरिसिन-बी लागते, ज्याच्या कुप्यांसाठी २०२१ च्या उन्हाळ्यात नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरत होते. त्यामुळे भिंगाखाली डोळा लावून बसलेल्या त्या डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या कामावर पुढच्या कित्येक आठवड्यांचे उपचार अवलंबून असतात.

येथे थोडे विषयांतर करतो. बुरशीमुळे माणसाच्या मांसात खोलवर आजार होतो, हे सूक्ष्मदर्शकाने दाखविण्याचे मोठे काम आपल्याच मुंबई प्रांतात झाले आहे. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय सुजत, त्यांना भोके पडत आणि त्यांतून काळे दाणे बाहेर येत. कार्टरसाहेबांनी ते दाणे भिंगाखाली तपासले, ही बुरशी असल्याचे प्रतिपादन केले आणि आजाराला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यांचा त्यावरील ग्रंथ निघाला. दीडशे वर्षांनंतर यंत्रे पुष्कळ आली, तरी रोगाच्या जागेवरचा नमुना घेऊन तो डोळ्यांनी पाहणे हीच या निदानाची पहिली पायरी राहिली आहे.

दोन बाटल्या

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. शस्त्रक्रियागृहातून तुकडा बाहेर येतो तेव्हा त्याचे दोन भाग व्हावे लागतात.

एक भाग फॉर्मालिनमध्ये घालून ऊतिविकृतिशास्त्राकडे, म्हणजे बायोप्सी तपासणाऱ्या विभागाकडे जातो. तेथे त्याचे अतिशय पातळ काप करून त्यांना रंग दिले जातात. एका रंगाने बुरशी किरमिजी दिसते, चांदीच्या रंगाने ती काळी दिसते. या तपासणीचे मोठेपण असे, की बुरशी नुसती तेथे पडलेली आहे की मांसात आणि रक्तवाहिनीत घुसलेली आहे, हे येथेच कळते. आजार असल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही. याला नेहमीच्या पद्धतीने काही दिवस लागतात. तातडी असेल तर गोठवलेल्या तुकड्याचे काप करून त्याच दिवशी प्राथमिक उत्तर मिळू शकते.

दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राकडे जायला हवा. त्यातील थोडा केओएचसाठी वापरतात आणि उरलेला कल्चरसाठी, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते. मेलेली बुरशी उगवत नाही. सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पडला, की कल्चरची वाट कायमची बंद होते. माझ्या ओळखीच्या आणखी एका कुटुंबाच्या बाबतीत असेच घडले. त्यांच्या वडिलांची बायोप्सी एका ठिकाणी झाली, सर्व तुकडे एकाच बाटलीत गेले आणि बुरशी नेमकी कोणत्या जातीची, तिला कोणते औषध लागू पडेल, हे शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. कोणी वाईट हेतूने केले असे मुळीच नाही. गाठीची बायोप्सी करताना फॉर्मालिनची एकच बाटली लागते, आणि हात सवयीने तिच्याकडे जातो.

म्हणून बुरशीची शंका असताना आपल्या माणसाची बायोप्सी होणार असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी नम्रपणे विचारावे, “डॉक्टर, कल्चरसाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये पाठविणार ना?” या प्रश्नाचा राग कोणत्याही सुजाण डॉक्टरला येणार नाही. मला असे विचारणारे नातेवाईक भेटले असते तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

नमुना नेण्याची जबाबदारी पुष्कळदा नातेवाइकांवरच येते, विशेषतः आमच्यासारख्या ठिकाणी. म्हसळ्याहून माणगावमार्गे मुंबई गाठायची तर चार-पाच तास सहज जातात, आणि महामार्गाचे काम निघाले असेल तर विचारूच नका. तेव्हा झाकण घट्ट आहे का, बाटलीवर नाव आणि वेळ आहे का, एवढे पाहावे आणि वाटेत कोठेही न थांबता नमुना पोचवावा. म्युकरची शंका असलेला सलाइनमधील तुकडा बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये. ही बुरशी थंडीने दुबळी होऊन उगवेनाशी होते. तिचे तंतू इतके नाजूक असतात, की प्रयोगशाळेत तुकडा कुटून बारीक केला तरी ते मरतात. म्हणून जाणकार तंत्रज्ञ तो पात्याने चिरतात. इतकी काळजी घेऊनही साधारण निम्म्या रुग्णांत कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली म्युकर स्पष्ट दिसली आणि कल्चर मात्र ‘निगेटिव्ह’ आले, तर सूक्ष्मदर्शकावर विश्वास ठेवायचा. दोन अहवाल परस्परविरोधी आहेत म्हणून औषध थांबवायचे नाही.

कल्चरला वेळही लागतो. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, साखर आणि पेप्टोन घातलेल्या थरावर ते लावतात. कॅन्डिडा एक ते तीन दिवसांत वाढते, म्युकर दोन-तीन दिवसांत बशीभर पसरून झाकणाला टेकते, अस्परजिलसला त्याहून थोडे अधिक दिवस लागतात, तर काही बुरशींसाठी बशी चार आठवडे राखून ठेवावी लागते. ‘दोन दिवस झाले, अजून रिपोर्ट का नाही?’ म्हणून प्रयोगशाळेतील मुलीवर चिडणारे मुलगे मी पाहिले आहेत. तिच्या हातात काही नसते. वाढणे बुरशीच्या मर्जीवर असते. मात्र म्युकरच्या बाबतीत उपचारांनी अहवालाची वाट पाहायची नसते. लक्षणे आणि स्कॅन जुळत असतील तर नमुना घेताच औषध सुरू करतात आणि अहवाल येईल तसे त्यात बदल करतात.

रक्ताच्या चाचण्या आणि त्यांची मर्यादा

“मांस काढण्यापेक्षा रक्तातून नाही का कळत?” असे वडीलधारी मंडळी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. रक्ताच्या दोन चाचण्या आता मोठ्या शहरांत मिळतात. गॅलॅक्टोमॅनन ही मुख्यतः अस्परजिलसच्या भिंतीतील द्रव्य शोधते. बीटा-डी-ग्लुकान ही कॅन्डिडा, अस्परजिलस आणि इतर काही बुरशींच्या भिंतीतील. म्युकरच्या बाबतीत मात्र या दोन्ही चाचण्या निगेटिव्हच येतात. रक्ताचे कल्चरही म्युकरमध्ये जवळजवळ नेहमी निगेटिव्ह असते. म्हणजे हजारो रुपयांचे तीन निगेटिव्ह अहवाल हातात असूनही नाकात म्युकर वाढत असू शकते. माझ्या त्या रुग्णाच्या वेळी यांपैकी एखादी चाचणी मी केली असती, तरी उत्तर तेच चुकीचे मिळाले असते.

याउलट एक चाचणी अशी आहे, की तिचे कौतुक करावेसे वाटते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही असलेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण कित्येक आठवडे डोकेदुखी आणि गोंधळलेपणा घेऊन येतात, तेव्हा क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. पूर्वी पाठीतील पाण्यात शाई मिसळून काळ्या पार्श्वभूमीवर तिचे प्रभामंडळ शोधत; ती पद्धत आजही वापरात आहे. आता गरोदरपणाच्या चाचणीसारखी एक पट्टी रक्तात किंवा पाठीतील पाण्यात बुडविली, की दहा मिनिटांत उत्तर मिळते आणि ते अतिशय विश्वासार्ह असते. वृद्ध माणसाचे नवे विसराळूपण ‘वयामुळे’ म्हणून सोडून देण्यापूर्वी, ते स्टेरॉइडवर असतील तर या शक्यतेची आठवण आपण डॉक्टरांना करून द्यावी.

जेव्हा ‘पॉझिटिव्ह’ फसवते

आतापर्यंत निगेटिव्हच्या फसवेपणाबद्दल लिहिले. वृद्धांच्या घरी दुसरी बाजू अधिक वेळा दिसते. अंथरुणाला खिळलेल्या आजींना लघवीची नळी आहे. तपासणीत ‘कॅन्डिडा’ उगवते आणि घरात घबराट पसरते. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत कॅन्डिडा सापडणे फार सामान्य आहे. ताप नाही, त्रास नाही, तर बहुतेक वेळा नळी बदलणे किंवा काढणे एवढेच पुरते. थुंकीत कॅन्डिडा सापडली तरी ती तोंडातून आलेली असते. तिच्यामुळे न्यूमोनिया होणे अत्यंत दुर्मीळ. अशा अहवालावरून परस्पर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या आणून देणे धोक्याचे आहे. हे औषध रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकते, आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढवून साखर एकदम खाली आणू शकते. पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडलेल्या एका आजोबांच्या उशाशी मला नेमकी हीच जोडी सापडली होती.

कॅन्डिडा रक्तात सापडली तर मात्र गोष्ट वेगळी. रक्तातील कॅन्डिडा हा कधीही ‘सहज आलेला’ निकाल समजत नाहीत. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या, मानेत किंवा मांडीत नळी असलेल्या रुग्णांत ती शिरते. येथेही रक्ताचे कल्चर सुमारे निम्म्या वेळाच पकडते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्या पुरेसे रक्त घेऊन पाठवितात. तेवढे रक्त पाहून नातेवाईक बिचकतात, पण कमी रक्त म्हणजे कमी शक्यता. कॅन्डिडा आली की तिची नेमकी जात ओळखणेही महत्त्वाचे. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही, आणि जुन्या ओळखयंत्रांनी तिला पुष्कळदा दुसऱ्याच कॅन्डिडाचे नाव दिले. आता मोठ्या रुग्णालयांत ‘माल्डी-टॉफ’ नावाचे यंत्र उगवलेल्या बुरशीच्या प्रथिनांचा ठसा घेऊन काही मिनिटांत जात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात सर्वांत वरच्या गटात कॅन्डिडा ऑरिस आहे.

जुना टीबी, आणि भाताचे पाते

दोन गोष्टी खास आपल्या भागातील ज्येष्ठांसाठी सांगतो.

ज्यांना दहा-वीस वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता, त्यांच्या फुप्फुसात कधीकधी पोकळी राहून जाते. त्या पोकळीत अस्परजिलस घर करते. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त, हे सारे पुन्हा टीबी झाल्यासारखेच दिसते. थुंकीच्या टीबी-तपासण्या निगेटिव्ह येत असतानाही अशा माणसाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टीबीची औषधे दिली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ लक्षणे असतील आणि टीबीचे जंतू सापडत नसतील, तर छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातील ‘अस्परजिलस आयजीजी’ प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. वर सांगितलेली रक्तातील गॅलॅक्टोमॅनन चाचणी या सावकाश चालणाऱ्या आजारात फारशी उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात असावे. घरातील जुने एक्स-रे आणि टीबीचे कार्ड कृपया फेकू नका. आमच्यासाठी ते दागिन्यांइतके मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट कापणीच्या दिवसांतली. भाताचे पाते किंवा तूस डोळ्यात गेले, डोळा लाल झाला, आणि मेडिकलमधून ‘मागच्या वेळचेच’ थेंब आणले. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरील बुरशीला ते खतपाणीच ठरते. नेत्रतज्ज्ञ अशा व्रणाचा किंचित अंश खरवडून तोच केओएचचा थेंब टाकून पाहतात, आणि उत्तर तेथल्या तेथे मिळते. डोळ्यात कचरा गेल्यानंतर लाली आणि दुखणे दोन दिवसांत ओसरले नाही, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर थेंब बंद करून नेत्रतज्ज्ञ गाठावा.

अर्जावरची रिकामी जागा

प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या अर्जावर रुग्णाची माहिती लिहिण्यास दोन-तीन ओळींची जागा असते. बहुतेक अर्जांवर ती रिकामी असते किंवा एकच शब्द असतो : ‘ताप’. मधुमेह आहे, स्टेरॉइड इतके दिवस घेतले, पूर्वी टीबी होता, बुरशीविरोधी औषध सुरू झाले आहे की नाही, हे समजले तर तपासणारा माणूस योग्य रंग वापरतो, बशी अधिक दिवस राखतो आणि पुन्हा एकदा भिंगात पाहतो. ही माहिती डॉक्टरांपेक्षा आपल्याकडेच अधिक नेमकी असते. एका कागदावर ती लिहून बरोबर ठेवावी. बायोप्सी झाली असेल तर मेणात जतन केलेला ठोकळा आणि काचपट्ट्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत राहतात. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत हवे असल्यास त्या मागून नेता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. नेताना त्यांचा क्रमांक लिहून घ्यावा आणि काम झाल्यावर परत कराव्यात.

२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात देशातील १६ रुग्णालयांनी म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांची नोंद एकत्र केली. त्यांपैकी १८७ जणांना कोविड होऊन गेला होता, आणि अनियंत्रित मधुमेह हे त्यांच्यातील सर्वांत ठळक कारण होते. दुसरी लाट तर त्यानंतर आली. कोविड मागे पडला, मधुमेह मागे पडलेला नाही. म्हणून साखर वाढलेली असताना गाल बधिर होणे, एका बाजूचे डोके किंवा दात दुखणे, नाकातून काळपट स्राव येणे, पापणी जड होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही झाले तर दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी नाकाच्या दुर्बिणीची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचावे. माझ्यासारख्या गावातील डॉक्टरने स्वॅब घेऊन धीर दिला, तरीही.

त्या गृहस्थांचा उजवा डोळा आणि वरच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला. अँफोटेरिसिनने मूत्रपिंडावर ताण आला, तो हळूहळू निवळला. आज ते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साखर दाखवायला येतात, आपली वही उघडतात आणि आकड्यांवर बोट ठेवून उभे राहतात. त्यांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र तेव्हापासून अशा रुग्णाला मुंबईस पाठविताना चिठ्ठीच्या अगदी वर, रुग्णाच्या नावाच्याही आधी, दोन ओळी लिहितो : म्युकरची शंका, तुकड्याचा केओएच आजच व्हावा. कल्चरसाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये.